माय आ पार्तीर

भाचीच्या वहीत मी एका वाक्यावर लाल पेनाने दोन गोल केले आणि मग तीन दिवस ते वाक्यच माझ्या मागे लागलं. मे महिन्यातली दुपार, देवगडच्या बाजूचं आमचं खाडीकाठचं घर, जेवणं होऊन सगळे आडवे झालेले, पडवीत रातांबे फोडून ठेवलेले त्यांचा आंबटगोड वास आणि त्यावर घोंगावणाऱ्या माशा, आणि ही पोरगी बाकावर पाय वर घेऊन फ्रेंचचं वर्कबुक सोडवत बसलेली. दहावीत गेलीये आता. शाळेत फ्रेंच घेतलंय, मी ठाण्यात वीसेक वर्षं फ्रेंचच्या शिकवण्या घेते, त्यामुळे सुट्टीत गावी आल्यावर वही आत्याकडे येणार हे ठरलेलंच. दहा इंग्लिश वाक्यं होती, ती फ्रेंचमधे लिहायची होती. सहावं वाक्य, शी हॅज लेफ्ट द हाउस. हिने लिहिलं होतं, एल आ पार्ती ला मेझाँ. मी काही विचार न करता 'आ'वर एक गोल केला, 'ला मेझाँ'वर दुसरा, आणि वही परत दिली.

"एका वाक्यात दोन चुका?" ती म्हणाली. म्हणलं हो, आणि दोन्ही एकाच मुळातल्या. पार्तीर म्हणजे निघणं, जाणं. ह्या क्रियापदाला कर्म लागत नाही. तू कुठून निघालीस, कुठे निघालीस ते शब्दयोगी लावून सांगता येतं, पण थेट 'घर'च त्याच्यापुढे ठेवता येत नाही. आणि भूतकाळात त्याला 'आव्वार' म्हणजे 'असणं-जवळ-असणं'वालं सहायक चालत नाही, 'एत्र' लागतं, नुसतं 'असणं'. एल ए पार्ती. ती गेलेली आहे. जाणं ही तिने केलेली गोष्ट नाहीये, ती तिची अवस्था झालीये. घर सांगायचंच असेल तर कित्ते घे, सोडणं. एल आ कित्ते ला मेझाँ. तिचा चेहरा काही हलेना, तेव्हा मी माझं नेहमीचं हत्यार काढलं, जे मी प्रत्येक बॅचला देते आणि मराठी मुलांना ते पटकन लागू पडतं. म्हणलं, मराठीत बघ, 'ती गेली' म्हणतेस ना, 'तिने गेली' म्हणतेस का? नाही. पण 'तिने घर सोडलं' म्हणतेस, तिथे 'ने' आला. हा जो आपला 'ने' आहे ना तो जवळजवळ तिथलाच आव्वार आहे. आणि 'गेला'चं 'गेली' होतं तसं पार्तीच्या शेवटी बाईसाठी एक जादा अक्षर येतं, लिहिताना, उच्चारात ऐकू येत नाही. तुझं वाक्य म्हणजे 'तिने घराला गेली' असं झालंय. हे तिला एकदम कळलं, हसली, आणि मग म्हणाली, "पण इंग्लिशमधे एका लीव्हमधे सगळं बसतं ना, मग ह्यांना एवढे कशाला लागतात?"

एवढे म्हणजे खरंच एवढे. निघालं तर पार्तीर. आतून बाहेर पडलं तर सोर्तीर. एखादी जागा, माणूस, नोकरी सोडली तर कित्ते. छत्री एसटीत राहिली, चावी शेजारी ठेवली, कोणाला एकटं टाकलं, तर लेसे. आणि घरगुती बोलण्यात 'चला, मी निघते आता' म्हणायचं तर ज माँ व्हे, ज्यात तो छोटासा 'आँ' म्हणजे 'इथून', आणि त्याशिवाय ते निघणं पुरं होत नाही. इंग्लिशवाला ह्या सगळ्यावर लीव्हची एकच चादर घालतो. फ्रेंच माणसाला मात्र तोंड उघडायच्या आधी ठरवायला लागतं, की मी निघालोय, का बाहेर पडलोय, का काही सोडतोय, का काही मागे ठेवतोय. हे मी किती वेळा शिकवलं असेल, फळ्यावर पाच खाने करून. पण त्या दुपारी शिकवताना घशात काहीतरी अडकलं. कारण आतल्या खोलीत माझ्या पर्समधे एक निळी फाइल होती आणि त्या फाइलच्या पहिल्या पानावर वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, हक्कसोडपत्र.

सोड. कित्ते.

वाटणीचं आमच्याकडे काही वर्षं चाललं होतं. आजोबांचे तीन मुलगे. थोरले काका गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर ट्रंक घेऊन गावी परत आले ते इथेच राहिले, ते गेले आता, काकू आहे. मधले म्हणजे आमचे अण्णा, तेही गेले. धाकटे काका बोरिवलीला. सातबाऱ्यावर इतकी नावं झालीयेत की तलाठ्याकडून उतारा आणला की आधी आपलं नाव शोधायला वेळ जातो. यंदा सगळ्यांनी ठरवलं की आता जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घेऊया, भांडणतंटा न होता, माणसं बोलतायत तोवर. अण्णांच्या हिश्श्यात दादा आणि मी. दादाने फाइल माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, वकिलांनी करून दिलंय, वाचून घे, घाई नाही. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. आमच्या घराण्यात आजवर सगळ्या मुलींनी असंच केलंय, आत्यांनी केलं, थोरल्या काकांच्या मुलीने केलं, बहीण माहेरचा हिस्सा घेते म्हणजे काहीतरी बिनसलंय असं समजायची रीत आहे. मला कायदा माहिती होता. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० च्या ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात होते का नव्हते ह्याने काही फरक पडत नाही. हे सगळं माहिती असून मी फाइल पर्समधे टाकली आणि म्हणाले, बघते.

संध्याकाळी काकूबरोबर विहिरीवर गेले. पंप आहे, तरी तिला तुळशीपुरतं पाणी हाताने शेंदायला आवडतं. समोरच्या घरातला मुलगा मुंबईला निघाला होता, रात्रीच्या बसने, बॅग खांद्यावर टाकून गडग्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काकू, जातंय गो." काकूच्या हातातला दोर थांबला. "जातंय म्हणूचा नाय रे. येतंय म्हणूचा." तो जीभ चावून म्हणाला, "येतंय येतंय." मग तिने दोर ओढला. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकू येत नाहीसं झालं होतं. आमची आजी तर ह्याबाबतीत फार कडक. तिच्या तरुणपणी मुंबईचा रस्ता समुद्रातून होता. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची, आजोबा होडीत उभे, हातात वळकटी, आणि किनाऱ्यावरून आजीला नुसता हात दिसायचा. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली. ती रेवसला चाललेली, आमच्या बाजूची नव्हेच, पण सहाशेच्या वर माणसं गेली आणि सगळ्या किनाऱ्यावरच्या बायकांनी ते आपलंच मानलं. आजी म्हणायची, त्यातल्या प्रत्येकाने निघताना येतो म्हणलं असेल. आणि तरीही, म्हणजे हे सांगून झाल्यावरही, ती आम्हाला येतो म्हणायलाच लावायची. हे मला लहानपणी विसंगत वाटायचं. शब्दाने काही वाचत नाही हे तिला माहिती होतं, मग आग्रह कसला? आता वाटतं, तो आग्रह जाणाऱ्यासाठी नव्हताच मुळी. मागे उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला पुढचे चार-सहा महिने काढायला हाताशी काहीतरी लागतं.

फ्रेंच शिकायला लागले तेव्हा ह्याच कारणाने मला पार्तीर आवडायचं नाही. किती कोरडं, किती सरळ. आमचा माणूस निघताना येतो म्हणतो आणि ह्यांचा माणूस उठून सांगतो की मी गेलेला आहे. शिवाय माणूस वारला तरी तोच शब्द, इल ए पार्ती, आपण 'गेले' म्हणतो तसंच. तेव्हा आमच्या मॅडमनी सांगितलं होतं की अगं ह्याच शब्दात सुरुवातपण आहे, आ पार्तीर द दमँ म्हणजे उद्यापासून, सुटीच्या प्रवासाला गाडी सुरू झाली की से पार्ती म्हणतात, म्हणजे चला, सुटलो. मला ते पटलं होतं, पण आवडलं नव्हतं.

त्या रात्री लाईट गेली. मे महिन्यात जाते तशीच. ओटीवर चटई टाकून पडले होते, खाडीकडून वारा नव्हता, कुठेतरी फणस पिकून फुटला होता त्याचा दाट वास. आणि अंधारात एकदम डोक्यात वाजलं, आव्वार माय आ पार्तीर.

ही फ्रेंचमधली एक म्हण आहे, कोणाशी तरी बिनसलेलं असणं, खटका उडालेला असणं ह्या अर्थाने वापरतात. शब्द घेतले तर, वाटायला एक 'माय' असणं. माय म्हणजे जुन्या काळचं एक नाणं, दनिये नावाच्या नाण्याच्या अर्ध्या किमतीचं, इतकं बारीक की ते दोघांत वाटायचं म्हणलं तर वाटता येणारच नाही, भांडणच होणार. आणि ह्या म्हणीत पार्तीरचा अर्थ निघणं असा नाहीच. वाटणं असा आहे. तोच त्याचा मूळ अर्थ. लॅटिनमधे ते वाटणी करण्याचं क्रियापद, भाग पाडण्याचं, 'पार्ट' त्यातलाच. जुन्या फ्रेंचमधे लोक जमीन पार्तीर करायचे, लूट पार्तीर करायचे, त्याला कर्म लागायचं आणि आव्वारसुद्धा. मग कोणीतरी म्हणायला लागलं की मी स्वतःला इथून वेगळं काढतो, माझा भाग ह्यातून वेगळा करतो, म्हणजे निघतो. हळूहळू स्वतःला वेगळं काढणं एवढंच राहिलं आणि वाटणी गळून गेली. नाही, पूर्ण गळली नाही, रेपार्तीर म्हणून एक क्रियापद अजून आहे, त्यात पहिल्या 'ए'वर एक छोटी तिरकी रेघ असली की त्याचा अर्थ वाटप करणं, आणि रेघ काढून टाकली की परत निघणं. एका रेघेचा फरक. शिकवण्यांमधे मुलं हमखास इथे चुकतात.

म्हणजे भाचीचं वाक्य चूक नव्हतं. आजच्या फ्रेंचमधे चूक, पण आठशे वर्षांपूर्वीच्या कोणाला ते दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती. एल आ पार्ती ला मेझाँ. तिने घर वाटलं.

मी उठून बसले.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचमधून उचलला तेव्हा वाटणीसकट उचलला होता. डिपार्ट म्हणजे आज आपल्याला स्टेशनवरची पाटी आठवते, पण त्यांच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात नवराबायकोच्या शपथेत 'टिल डेथ अस डिपार्ट' असं होतं, मृत्यू आम्हाला वेगळं करेपर्यंत. पुढे डिपार्टचा तो अर्थ मेला, ऐकणाऱ्याला कळेना, म्हणून १६६२ च्या आवृत्तीत ते 'डू पार्ट' असं केलं, आणि सिनेमातल्या लग्नात आपण ऐकतो ते हेच. आधी वेगळं करणं आणि मग त्यातूनच निघून जाणं. मी हे अर्धवट कुठेतरी वाचलं होतं, बॅचेसमधे सांगितलंही होतं, पोरं जरा जागी व्हावीत म्हणून. पण मी ते कधी आमच्या घरावर ठेवून बघितलं नव्हतं. आणि तो 'माय' शब्द. फ्रेंच माणसाला त्यात जुनं नाणं ऐकू येतं. मला काय ऐकू येणार?

कारण आमच्याकडे ती वाटणी खरंच झाली होती. अण्णा आणि दोन्ही काका हयात होते, आजोबा जाऊन वर्ष झालेलं, आणि ह्याच ओटीवर बसून तिघांनी ठरवलं होतं की आईने चार महिने गावी, चार महिने आमच्याकडे, चार महिने बोरिवलीला राहायचं. कोणाच्या मनात पाप नव्हतं, उलट तिघांनाही ती हवी होती म्हणून असं केलं, पण मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला आठवतं की आजी माजघरात भिंतीला टेकून उकडे तांदूळ निवडत होती आणि तिला कोणी विचारायला आत आलं नाही. निर्णय तिला जेवताना कळला. मग पुढची सात वर्षं ती एका पत्र्याच्या पेटीसकट फिरत राहिली. आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत आली की पहिले आठ दिवस ती खिडकीत बसून नुसतं बघायची, मग रुळायची, आणि तिला जरा शेजारणी झाल्या की चार महिने भरायचे. निघताना दारात म्हणायची, येतंय हां. तीन घरं, तिन्ही घरांत येतंय. ती जाते कुठून आणि येते कुठे हे मला कधी लागलं नाही. पेटीत तिचं एक जुनं नऊवारी होतं, न नेसलेलं, ते तिने कुठल्याच घरी कपाटात ठेवलं नाही, ते कायम पेटीतच.

सकाळी मोजणीवाले आले. पूर्वी साखळी टाकायचे म्हणे, आता काठीवर ते रोव्हरचं यंत्र घेऊन एक पोरगा फिरतो, काठी टेकवतो, बुडबुडा मधे आला की बटण दाबतो, पुढे जातो. इतक्या शांतपणे चाललं होतं सगळं. आम्ही त्याच्या मागे रांगेने, दादा, धाकटे काका, थोरल्या काकांचा मुलगा, मी, आणि भाची मोबाइलवर व्हिडिओ काढत. पोरगा विचारायचा, हद्द कुठली, आणि काका सांगायचे, तो गडगा, तो पायरीचा आंबा, ती काजू. हापूसची कलमं मोजताना कळलं की अठ्ठावीस आहेत, तीन भाग होत नाहीत, एक उरतं. ते विहिरीजवळचं, सगळ्यात जुनं, आजोबांनी लावलेलं, गेली काही वर्षं फार धरतही नाही. एक क्षण सगळे गप्प. मग थोरल्या काकांचा मुलगा म्हणाला, ते सामायिक राहू दे, विहिरीबरोबर. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. घराचं ठरलं ते असं की ओटी आणि देवघर सामायिक, गणपती एकच, उरलेल्या खोल्या तीन भागांत. चुलीची खोली काकूकडे, ते बरोबरच होतं. आमच्याकडे म्हणजे अण्णांच्या हिश्श्याला पूर्वेची खोली, न्हाणीजवळची पडवी, आणि वरचा माळा. त्या माळ्यावर आजीची पेटी आहे.

मी दुपारी फाइल काढून शेवटी वाचली. मिळकतीतला माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचा सोडून देत आहे. स्वखुशीने ह्या शब्दावर डोळा परत परत जात होता. आपल्याकडे सोडणं हे क्रियापद किती कामं करतं. घर सोडायचं, उपास सोडायचा, गुरं सोडायची, भावाने बहिणीला स्टेशनवर सोडायचं, आणि हातावर पळीने पाणी घेऊन ते सोडायचं की वस्तू आपली राहिली नाही. हक्कावर पाणी सोडलं म्हणतो ते तिथलंच. कित्तेचंही तसंच आहे, त्याच्या पोटात लॅटिनचा 'शांत' असा अर्थ असलेला शब्द बसलाय, ज्याच्यावर कोणाचं देणं उरलं नाही तो शांत, तो मोकळा. दोन माणसांचा हिशोब फिटला की अजूनही म्हणतात, नू सोम कित्, फिट्टंफाट. इंग्लिश वकील तर हक्कसोडपत्राला क्विटक्लेमच म्हणतात, तोच शब्द, तिथून इथपर्यंत आलेला. आणि गंमत नाही, मला हे फार लागलं, की फोनवर समोरच्याने थांबावं म्हणून फ्रेंच बाई म्हणते, न कित्ते पा. सोडू नका. लाइनवर राहा एवढाच अर्थ आहे. ऐकताना मात्र मला दर वेळी कोणीतरी दारात हात धरल्यासारखं वाटतं.

तर सहाव्या वाक्याला दोन उत्तरं होती. माझं बरोबर उत्तर, एल आ कित्ते ला मेझाँ, तिने घर सोडलं, कागद तयार, सही करायची फक्त. आणि भाचीचं चुकलेलं, तिने घर वाटून घेतलं. आणि मी शिक्षिका म्हणून, आत्या म्हणून, लाल पेन घेऊन त्या पोरीला शिकवलं होतं की बाईच्या बाबतीत दुसरं चालत नाही. मी असं मनात आणून केलं नव्हतं. व्याकरण होतं ते. पण तिने ते मान्य करून खोडलं आणि माझं उत्तर खाली नीट अक्षरात लिहून काढलं, ते मला दिसत राहिलं.

रात्री जेवण झाल्यावर दादा खळ्यात खुर्ची टाकून बसला होता, मी पायरीवर. म्हणलं, दादा, मी सही नाही करत आहे. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, तुला जमीन कशाला लागते गं, तू येणारेस का इथे राहायला? मी म्हणलं, तू येणारेस का? त्यालाही उत्तर नव्हतं, तोही ठाकुर्लीला, वर्षातून दोनदा येतो. मी म्हणलं, मला अर्धं मोजूनमापून नकोय, कुंपण तर अजिबात नकोय, माझं नाव असू दे फक्त, माळा मला दे. "माळा?" तो म्हणाला, "माळ्यावर काय आहे?" त्याला पेटी आठवतच नव्हती. किंवा आठवत असेल आणि त्याला ती बोलायची नसेल, आजी आमच्याकडून शेवटची बोरिवलीला गेली तेव्हा टॅक्सीत पेटी त्यानेच चढवली होती. बराच वेळ खाडीवरून कोणाच्या तरी होडीच्या इंजिनचा आवाज येत राहिला. मला वाटलं मी बरोबर केलं आणि मला वाटलं मी काहीतरी मोडलं, दोन्ही एकाच वेळी, आणि आज हे लिहिताना पण त्यातलं एक कमी झालेलं नाही. शेवटी तो उठला, आत जाताना म्हणाला, वकिलांना सांगतो. वहिनी दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली, पण माझ्या ताटात घावणे वाढताना माझ्याकडे बघितलं नाही. तिच्याही माहेरी वाटणी झाली तेव्हा तिने सही केली होती. हे मला माहिती होतं आणि मी आधी लक्षात घेतलं नव्हतं.

भाचीला मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणलं, तुझं सहावं वाक्य दाखव. आणि त्या लाल गोलांच्या शेजारी लिहिलं, जुन्या फ्रेंचमधे हे बरोबर आहे, अर्थ, तिने घर वाटलं. परीक्षेत लिहू नकोस. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग लीव्हचा जुना अर्थ काय?" शहाणी आहे पोरगी. म्हणलं, लीव्हचा जुना अर्थ मागे ठेवणं, मागे राहू देणं. फ्रेंच माणूस निघताना वाटणी करतो, इंग्रज निघताना मागे काय राहिलं ते बघतो. आणि गंमत अशी की दुसरा एक लीव्ह आहे, ऑफिसातला, सुट्टीचा, तो ह्याच्या नात्यातलाच नाही, नुसता दिसायला सारखा, त्याचा अर्थ परवानगी. टेक लीव्ह म्हणजे जायची परवानगी घेणं. "म्हणजे रजा?" ती म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. हो, रजा. आपली रजासुद्धा अरबीतून आलेली, तिचाही अर्थ संमती, राजीखुशी. म्हणून आपण रजा टाकतोही आणि रजा घेतोही. पाहुणा उठताना विचारतो, निघू का, येऊ मग? आणि यजमान म्हणतो, या. त्या एका 'या'त जायची परवानगी असते आणि परत यायचं बोलावणंही असतं, आणि मला माहिती असलेल्या कुठल्याच भाषेत ही दोन कामं एवढ्याशा अक्षरात होत नाहीत. इथे मात्र मला स्वखुशीने हा शब्द परत आठवला, आणि मी विषय बदलला.

निघायच्या दिवशी काकूने पिशवीत आमसुलं, फणसाची साठं, आणि त्या उरलेल्या कलमाचे पाच आंबे घातले. यंदा पाचच धरले होते म्हणे, बाकी मोहोर पावसाने गेला. पाचही मला दिले. तिने माझ्या निर्णयाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त म्हणाली, "माळ्यावरची पेटी मी दर दसऱ्याक पुसतंय." मग उंबऱ्यात उभी राहिली. भाची, जी आणखी आठ दिवस राहणार होती, तिच्या कमरेला हात घालून. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, काकू, येऊ? तिने नेहमीसारखं लगेच म्हणलं, "ये." देवघर सामायिक, ओटी सामायिक, ती उभी होती ती पायरी नकाशात कोणाच्या भागात आली ते मी बघितलं नव्हतं.

दादा मला कणकवलीला सोडायला आला. सकाळची मांडवी एक्सप्रेस होती. पाऊण तास गाडीत आम्ही रस्त्याबद्दल बोललो, चौपदरीकरणाबद्दल, आंब्याच्या भावाबद्दल, नांदगावला चहा प्यायलो, पैसे त्याने दिले. स्टेशनवर इंडिकेटर शोधून माझा डबा कुठे येईल तिथे बॅग ठेवून उभा राहिला, मी म्हणलं तू जा, उन्हाचं परत जायचंय, तर म्हणाला राहू दे. गाडी आली. बॅग त्याने चढवली. मी दारात उभी राहून म्हणलं, येते रे.

"ये," तो म्हणाला. आणि मग, "पोचलीस की फोन कर."

ही दोन वाक्यं तो गेली तीस वर्षं ह्याच क्रमाने म्हणत आलाय, एका श्वासात. ह्यावेळी पहिल्यानंतर दुसरं यायला वेळ लागला, गाडी सुटलीसुद्धा, आणि दुसरं वाक्य त्याला माझ्या डब्याबरोबर थोडं चालत येऊन म्हणावं लागलं.